सोबत्याला उठवल्याचे गुण किती?

बीजीएमआय या मोबाइल खेळाच्या मोठ्या स्पर्धांत गुणांचा हिशेब सरळ असतो. १६ संघ, प्रत्येकात चौघे. असे ६४ जण एका नकाशावर उतरतात. शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, चौथ्याला ४, असं उतरत उतरत आठव्याला १. शिवाय टिपलेल्या प्रत्येक गड्यामागे १. आणि समोरून गोळ्या येत असताना धुराचा पडदा टाकून, जमिनीवर पडलेल्या सोबत्याला पुन्हा उभं केलं तर? त्याचे गुण नाहीत.

हे बिनगुणांचं काम ज्याच्याकडे असतं, त्याला खेळणारी पोरं ‘सपोर्ट’ म्हणतात. मुलचेरा तालुक्यातल्या एका घरात सध्या याच कामावरून मामा-भाचीचं वाजलं आहे. दोघंही या लेखापुरती कल्पिलेली. पण त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या स्पर्धा, खेळाडू आणि कायदे मात्र खरे.

मामा निवृत्त क्रीडाशिक्षक. गडचिरोली पोलीस दल वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉलची स्पर्धा भरवतं, तिथे आपल्या शाळेची पोरं उतरवणं ही त्यांची हौस होती. मोबाइलवरचा खेळ पाहून नाक मुरडणाऱ्यांतले ते नव्हेत. खेळ कुठलाही असो, पहिल्यांदा ‘कोण कुठे उभा आहे’ ते बघायचं, ही त्यांची सवय.

भाची गोंडवाना विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात शिकते. तिचा संघ या भागासारखाच मिसळीचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे वसवलं, त्यांपैकी एका घरातला मुलगा सुंदरनगरचा. दुसरा लगामकडचा, घरी गोंडी बोलणारा. तिसरा अहेरीचा, त्याची आई तेलुगू. चौघांचं एकत्र बोलणं मराठी-हिंदीत चालतं, पण घाबरगुंडी उडाली की जो तो आपल्या आईच्या भाषेत ओरडतो.

मामांनी पहिलाच चेंडू अंगावर टाकला. “टीममध्ये जागा चार. तिघांनी आपापली धरली आणि उरली ते तुले दिली. खरं का नाही?”

खरंच होतं. सगळ्यात पुढे घुसणारा असॉल्टर, कुठे जायचं नि कधी लढायचं हे ठरवणारा आयजीएल, दूर राहून टेहळणी करणारा स्काउट, या जागा पोरांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. ही नवी, त्यात मुलगी, म्हणून सपोर्ट. ऑनलाइन खेळांत मुलींना न विचारता हीच जागा दिली जाते, ही तक्रार जुनी आहे आणि जगभरची आहे.

“उरली म्हणून मिळाली, हे कबूल,” भाची म्हणाली. “पण उरलेली जागा हलकीच असते, असं नाही जी मामा.”

“आमच्या व्हॉलीबॉलात लिफ्टर काही उरलेला पोरगा नसते,” मामा म्हणाले. “सगळ्यात शहाणा पोरगा पाहून मी लिफ्टर करतो. दुसरा हात त्याचा. बॉल कोणाले द्यायचा, किती उंच द्यायचा, समोरचा ब्लॉक कुठं उठून राह्यला, सगळं त्याच्या डोक्यात. टाळ्या स्मॅशरले, पण स्मॅश तयार करते लिफ्टर. तुमच्या पोरायनं तुले शहाणी म्हणून ते जागा दिली, का बंदूक नीट चालत नाही म्हणून?”

प्रश्न टोचणारा होता; भाचीने उत्तर लांबून आणलं. डोटा २ या पाच-पाच जणांच्या संगणकीय खेळात जागांना १ ते ५ असे क्रमांक असतात. सामन्यातलं सोनं आधी एक नंबरने घ्यायचं, मग दोनने. चार आणि पाच हे सपोर्ट, त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. वर त्या तुटपुंज्या सोन्यातून नकाशावर पाळत ठेवणारे ‘वॉर्ड’ विकत घेऊन रोवायचे तेही त्यांनीच. खेळाच्या नियमांत पुढे बदल झाले आणि हा भार हलका झाला, पण बरीच वर्षं सपोर्ट हा संघातला सगळ्यात गरीब गडी होता. आणि ओजी या संघाचा कर्णधार योहान सुंडश्टाइन, खेळातलं नाव नोटेल, हा याच पाच नंबरच्या जागेवर खेळायचा. त्याच्या संघाने २०१८मध्ये व्हँकुव्हरला आणि २०१९मध्ये शांघायला, असं लागोपाठ दोनदा जगज्जेतेपद घेतलं. तोवर ते कोणालाच दोनदा जमलं नव्हतं.

“पैसा?”

“२०१९च्या स्पर्धेची एकूण बक्षिसं ३.४३ कोटी डॉलर. त्यातले १.५६ कोटी यांच्या संघाला. आपल्या पैशात शंभर कोटींच्या वर.”

मामा आकड्याने दबले नाहीत. “तो डेन्मार्कचा. तिकडचं तिकडं. इथं पोस्टरवर कोण असते ते सांग.”

इथे भाचीला हात टेकावे लागले. भारतात बीजीएमआय बघणाऱ्या पोरांना जोनाथन आमराल माहीत असतो, आणि तो गाजला तो असॉल्टर म्हणून. पुढे तो खेळला तो चेतन चांदगुडे यांनी उभ्या केलेल्या गॉडलाइक संघाकडून. पण त्याच संघात त्याच्या मागे धूर कोण टाकत होतं, हे विचारलं तर चाहत्यांपैकी बरेच जण डोकं खाजवतील. तरी तिने आणखी दोन नावं पुढे केली. लीग ऑफ लेजंड्सच्या २०१४च्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला सॅमसंग व्हाइटचा चो से-ह्योंग, ‘माता’ नावाने खेळणारा. तो सपोर्ट होता. २०१८मध्ये ओव्हरवॉच लीगच्या पहिल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला न्यूयॉर्कच्या संघातला बांग सोंग-ह्योन, ‘जोनॅक’, तोही सपोर्ट.

“हे जोनॅक काय करत होता? उठवत होता?”

भाची क्षणभर थांबली. जोनॅक झेन्याटा नावाचं पात्र खेळायचा. त्या पात्राचं काम सोबत्यांना बरं करणं. पण जोनॅकची कीर्ती झाली ती तो त्याच पात्राने धडाधड शत्रू टिपायचा म्हणून. तिने हे लपवलं नाही.

“घ्या!” मामांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे सपोर्टनंही मारलं, तेव्हाच लोकायले तो दिसला.”

“पण माता मारण्यासाठी ओळखला जात नव्हता जी. त्याचं नाव नकाशावरच्या नजरेसाठी होतं. शत्रू कुठून येईल ते आधी उजेडात आणायचा, म्हणजे बाकीच्या चौघांना अंधारात पाय टाकावा लागत नव्हता.”

दोघांच्याही पदरात एकेक पुरावा पडला. मग मामांनी मुद्द्याला हात घातला. “नावं राहू दे व. तू नेमकी करते काय, ते मले सांग. असॉल्टर पडला. पुढं?”

आता भाचीच्या बोलण्याला धार आली. गडी पडला, म्हणजे ‘नॉक’ झाला, की तो लगेच बाद होत नाही. रांगू शकतो, पण त्याचा जीव कमी कमी होत जातो. त्याला उठवायला सलग दहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ उठवणाऱ्याच्या हातात बंदूक नसते. नवखा सपोर्ट काय करतो? धावत जातो आणि सोबत्याच्या शेजारी दुसरा मुडदा पडतो. शिकलेला सपोर्ट आधी विचारतो, गोळी कुठून आली? मारणारा एकटा होता का? मग धुराचा बॉम्ब टाकतो, तोही पडलेल्या गड्याच्या डोक्यावर नाही, तर त्याच्या आणि मारणाऱ्याच्या मधल्या जागेत. अंगावरच धूर केला की शत्रूला आयता पत्ता मिळतो आणि तो डोळे मिटून त्या ढगात गोळ्या ओततो. धूर पसरायलाही थोडा अवधी लागतो. तेवढ्यात पडलेल्याने रांगत झाडाआड किंवा भिंतीआड यायचं. उठल्यावरही तो अर्धमेलाच असतो. प्रथमोपचाराची पेटी वापरायला आणखी सहा सेकंद लागतात आणि तीही जीव तीन चतुर्थांशापर्यंतच भरते. हे सगळं होईपर्यंत पहारा द्यायचा तोही सपोर्टनेच.

“आणि कधी उठवायचंच नाही, हेही ठरवायचं,” ती म्हणाली. “झोन, म्हणजे खेळायचं आकसत जाणारं वर्तुळ, बंद होत आला, समोर दोन टीम आहेत, मी गेले तर दोघंही जाऊ. तेव्हा त्याला सोडून पळायचं. शिव्या खायच्या.”

मामा पहिल्यांदाच नुसतं ऐकत होते. लिफ्टरकडेही बॉल येतो तेव्हा निवड करायला निमिषभरच मिळतं, आणि चुकलं तर ओरडा त्यालाच बसतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं.

त्यानंतरचा वाद जागेवरून निघाला तो सामानावर गेला. भाचीचा फोन साधा. तिचा तर्क असा की असॉल्टरला महागडा फोन लागतो. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ९० वेळा बदलणारा फोन असेल तर समोरासमोरच्या चकमकीत त्यालाच शत्रू आधी दिसतो आणि तोच आधी मारतो. तिच्या फोनवर ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवूनच गाडी चालते. सपोर्टला तेवढं पुरतं. जंगलातल्या गावात, स्वस्त फोनवर सुरुवात करणाऱ्यासाठी हीच जागा बरी.

“पुरते?” मामांच्या भुवया वर गेल्या. “पावसात लाइन जाते, टावर बंद पडते. स्मॅशर खेळता खेळता गायब झाला, तर एक पॉइंट जाते. लिफ्टरच गायब झाला तर स्मॅशरले बॉल कोण देईन? असॉल्टरची रेंज गेली तर तो एकटा मरते. तुई गेली, तर तुया भरवशावर जो पुढं गेला तोही मरते.”

हा घाव बरोबर बसला. कमी ताकदीचा फोन म्हणून सपोर्ट, हे नव्या पोरांत सर्रास चालणारं गणित इथेच कोलमडतं. असॉल्टरचं बरंचसं काम बोटांचं असतं. सपोर्टचं निम्मं काम कानाचं आणि तोंडाचं. पिंग, म्हणजे सिग्नल जायला-यायला लागणारा वेळ, वाढलं की गोळी उशिरा लागते, पण त्याआधी माइकवरचा आवाज तुटतो. ‘डावीकडे दोन’ हा निरोप दोन सेकंद उशिरा पोहोचला की तो निरोप राहत नाही, शोकसंदेश होतो.

भाचीने बाजू सोडली नाही, पण पवित्रा बदलला. इथल्या परिस्थितीत सपोर्ट सोपा नाही, हे मान्य करून तो जमवायचा कसा, यावर ती आली. पहिली गोष्ट, तारेचा इअरफोन; ब्लूटूथवर आवाज थोडा मागे पडतो आणि पावलं कुठल्या बाजूची ते नीट कळत नाही. दुसरी, कॉलचा साचा ठरवून टाकायचा, दिशा, अंतर, किती जण, एवढंच. ‘अरे तिकडे बघ रे, तो बघ’ हे बंद. तिच्या संघात हे खास गरजेचं, कारण गडबडीत बंगाली, गोंडी आणि तेलुगू एकदम सुरू झाली की कोणाचंच कोणाला समजत नाही. आता होकायंत्रावरचा आकडा हिंदीत बोलायचा, हा नियम आहे. तिसरी, आवाज तुटला तर काय करायचं तेही आधीच ठरलेलं असावं: माझा माइक बंद पडला की कोणी पुढे घुसायचं नाही. चौथी, उतरल्यावर पहिल्या काही मिनिटांत सामानाची वाटणी. गोळ्या आणि चांगलं चिलखत असॉल्टरला, जास्तीचे धूर आणि पेट्या सपोर्टच्या पिशवीत. आणि गाडी कुठे उभी करायची ते, कारण मोकळ्या रानात कधी कधी तेवढाच आडोसा असतो.

“बंदूक?” मामांनी पुन्हा त्यांचा जुना मुद्दा काढला. “एवढ्या यादीत बंदूक कुठं आहे?”

दोघांचं खरं भांडण इथे आहे, आणि ते मिटलेलं नाही. मामांचं म्हणणं, सुरुवातीलाच कोणालाही सपोर्ट करू नये. व्हॉलीबॉलात नियमाने सहाही जण फिरतात. प्रत्येकाला पुढे यावं लागतं, मागे जावं लागतं. लिबेरो ही फक्त बचावाची, वेगळ्या रंगाच्या बनियनची जागा आंतरराष्ट्रीय खेळात आली ती १९९८मध्ये, आणि तिथेही त्याआधी सगळं शिकलेलाच पोरगा उभा करतात. पहिल्याच दिवसापासून मागे उभं राहायला शिकलेला गडी पुढे यायला घाबरतो. बाकीचे तिघे पडले आणि शेवटी सपोर्ट एकटाच उरला, तर? तेव्हा धूर टाकून कोणाला वाचवणार?

भाचीचं म्हणणं उलटं. नेमबाजीचा सराव टीडीएम या छोट्या, पटकन संपणाऱ्या प्रकारात रोज करता येतो, आणि ती तो करते. पण नकाशा, आवाज, झोन कुठे सरकेल याचा अंदाज आणि आपल्या माणसांच्या सवयी या गोष्टी सरावाच्या मैदानात मिळत नाहीत. पुढे घुसणारा नवखा पहिल्या मिनिटात मरतो आणि उरलेला वेळ दुसऱ्यांचा खेळ बघतो. मागे राहणारा नवखा शेवटच्या झोनपर्यंत टिकतो. तेवढ्या वेळात तो शंभर गोष्टी पाहतो. “मी मरत नाही म्हणून शिकते,” ती म्हणाली.

“टिकणं म्हणजे शिकणं नाही व पोरी. कोपऱ्यात लपलेलाही टिकते.”

भविष्याचा विषय निघाला तेव्हा मामांकडे तारखा तयार होत्या. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय होऊन आला. २८ जुलै २०२२ला तोही दुकानातून काढला, २०२३च्या मेमध्ये परत आला. “व्हॉलीबॉलचं नेट कोणी असं रातोरात काढून नेलं नाही,” मामा म्हणाले. शिवाय महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. इथल्या पोरांसाठी पोलीस भरती हा मोठा रस्ता आहे. धूर टाकल्याचं प्रमाणपत्र कोण बघेल?

भाचीने घडामोडींची दुसरी बाजू मांडली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने बहुक्रीडा स्पर्धांमधले ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाझच्या नेतृत्वाखाली भारताच्या डोटा २ संघाने कांस्य मिळवलं. हांगझोच्या आशियाई खेळांत २०२३मध्ये ई-स्पोर्ट्सला पदकं होती. २०२५च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ते प्रात्यक्षिक खेळ म्हणून आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांवर खेळायच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता देण्याची वाट ठेवली. महाराष्ट्रात म्हणाल, तर एप्रिल २०१९मध्येच वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली होती. तीन लाख डॉलरची बक्षिसं, चीनचा कीन गेमिंग विजेता, आणि पात्रता फेरीतून आलेला भारताचा सिग्निफाय संघही त्यात होता.

“मुंबई इथून हजार किलोमीटर,” मामा.

“ऑनलाइन पात्रता फेरी घरातून होते जी. पण नोकरीसाठी मी खेळत नाही. भरतीची तयारी वेगळी चालू आहे, तुम्हाला माहीत आहे.”

मामांनी एक अट लगेच घातली. पोरं खासगी रूममध्ये पैसे लावून खेळतात, तिथे जायचं नाही. भाचीला ती मान्यच होती. वेळेचा मुद्दा तिने स्वतःच उचलला: १८ वर्षांखालच्यांना खेळच दिवसाला तीन तासांवर थांबवतो, तिला ते बंधन लागू नाही, तरी परीक्षेच्या महिन्यात संघाचा सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी, हे चौघांनी ठरवलेलं आहे.

शेवटी बोलणं संघाच्या हिशेबावर आलं. आयोजक गुण देत नाहीत, हे ठीक. पण संघाने आपल्या वहीत ते का मांडू नयेत, असं मामांचं म्हणणं. किती वेळा उठवलं, त्यातला किती वेळा उठलेला गडी पुढे कामाला आला, किती धूर फुकट गेले, कुठला कॉल उशिरा दिला. भाचीला पहिले दोन रकाने आवडले, शेवटचे दोन नाही. मामा म्हणाले, शेवटचे दोन नसतील तर वही ठेवूच नको.

त्यावर तिनेही एक रकाना वाढवला. असॉल्टर किती वेळा न सांगता पुढे घुसला, हेही लिहायचं. मामांना तो एवढा पटला की त्यांनी पुढची सूचना केली: सरावाच्या सामन्यांत जागा बदला. असॉल्टरने मागे राहून धूर टाकावा, भाचीने पुढे घुसावं. तिने ती लगेच ग्रुपवर टाकली. सुंदरनगरच्या मुलाचा अंगठा आला. लगामचा म्हणाला, बघू. असॉल्टरचं उत्तर मोठं होतं: आपले किल कमी होतील, रँक घसरेल, आणि मागे राहून कंटाळा येतो.

“कंटाळा येते म्हणते?” मामांनी चष्मा चढवला. “त्याले फोन लाव. मी बोलतो.”